कर्करोगाची औषधे : आंतरक्रियांची पडताळणी आवश्यक

लखनौ – कर्करोगाच्या रुग्णाला अनेकदा मधुमेह, क्षयरोग, नैराश्य किंवा आम्लपित्त यांवरील गोळ्याही चालू असतात. ही औषधे एकमेकांचा परिणाम वाढवू किंवा घटवू शकतात. यालाच औषधांची आंतरक्रिया म्हणतात.

लखनौमधील किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ आणि संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था येथे कर्करोगावर उपचार होतात. १९५१ मध्ये छत्तर मंझिल या राजवाड्यात सुरू झालेली केंद्रीय औषध संशोधन संस्थाही याच शहरात आहे. औषध शरीरात कसे शोषले जाते, त्याचे रूपांतर कसे होते आणि ते बाहेर कसे टाकले जाते, याचा अभ्यास हा या संस्थेच्या कार्याचा भाग आहे. बहुतेक आंतरक्रियांचे मूळ याच प्रवासात असते.

यकृतातील सायटोक्रोम पी-४५० गटातील विकरे अनेक औषधांचे विघटन करतात. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनमुळे ही विकरे वाढतात. त्यामुळे रक्ताच्या कर्करोगावरील इमॅटिनिबचे रक्तातील प्रमाण घटते आणि उपचार निष्प्रभ ठरण्याचा धोका निर्माण होतो. याउलट, बुरशीवरील किटोकोनॅझोलमुळे हेच प्रमाण वाढते. स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन यकृतात रूपांतर झाल्यावरच अधिक प्रभावी बनते. नैराश्यावरील पॅरोक्सेटिन या रूपांतरात अडथळा आणते. ही दोन्ही औषधे दीर्घकाळ एकत्र घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने मृत्यूचा धोका अधिक असल्याचे कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातील अभ्यासात २०१० मध्ये आढळले होते.

गाउटवरील ॲलोप्युरिनॉल चालू असल्यास मर्कॅप्टोप्युरिनची मात्रा सामान्यतः एक-तृतीयांश ते एक-चतुर्थांश इतकी कमी करावी लागते. अन्यथा अस्थिमज्जेला गंभीर इजा होऊ शकते. जपानमध्ये १९९३ साली नागिणीवरील सोरिव्ह्युडिन आणि फ्लुरोयुरॅसिल गटातील औषधे एकत्र घेतल्याने अनेक रुग्ण दगावले. त्यानंतर सोरिव्ह्युडिन बाजारातून मागे घेण्यात आले.

पडताळणीची पहिली पायरी म्हणजे रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी. तीत दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे आणि जीवनसत्त्वे यांचाही समावेश हवा. साधी आम्लपित्ताची गोळीही डॅसॅटिनिबचे शोषण कमी करते. उपचार सुरू करताना आणि त्यानंतर प्रत्येक नवे औषध जोडताना ही यादी तपासली जाणे आवश्यक आहे. संगणकीय प्रणाली संभाव्य धोका दाखवते. मात्र मात्रा बदलावी, वेळ बदलावी की पर्यायी औषध द्यावे, हा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा भारतीय औषधदक्षता कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग त्याचे समन्वयन करतो. डॉक्टरांप्रमाणेच रुग्णांनाही तेथे दुष्परिणाम कळवता येतात.

आंतरक्रियेच्या भीतीने कोणतेही औषध परस्पर बंद करणे तितकेच घातक ठरू शकते. घरातील सर्व औषधे एका पिशवीत घालून पुढील तपासणीच्या वेळी डॉक्टरांना दाखवणे, हा रुग्णांसाठी सर्वांत सोपा उपाय आहे.