समजून घ्या : ‘ओ’सारखा दिसणारा ‘बॉम्बे’ रक्तगट
अहवालात रक्तगट ‘ओ’. पण ‘ओ’ रक्त चढवले तर जिवाला धोका! असा हा ‘बॉम्बे’ रक्तगट. त्याचा शोध लागला तो कॉटन ग्रीनपासून जवळच असलेल्या परळमध्ये.

शोध कसा लागला?
शेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालयातील डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांना काही जणांचे रक्त कुणाशीच जुळत नसल्याचे आढळले. त्यांनी लंडनच्या रक्तगट-तज्ज्ञांना सोबत घेतले. १९५२मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये शोधनिबंध आला. लेखक सात : मुंबईचे तीन, लंडनचे चार.

वेगळेपण काय?
‘ए’ आणि ‘बी’ हे प्रतिजन ‘एच’ या पायावर तयार होतात. ‘ओ’ गटात नुसता ‘एच’ असतो; ‘बॉम्बे’ गटात तोही नसतो. त्यामुळे या व्यक्तींच्या शरीरातील प्रतिपिंडे ‘ओ’ रक्तावरही हल्ला करतात.

काळजी काय घ्यावी?
नेहमीच्या चाचणीत ‘ए’, ‘बी’ दिसत नाहीत, म्हणून गट ‘ओ’ वाटतो. रक्त चढवण्यापूर्वीच्या क्रॉसमॅचिंगमध्ये फरक उघड होतो. भारतात साधारण १० हजारांत एकाचा हा गट असतो. घरात कुणाचा असल्यास सख्ख्या भावंडांचीही तपासणी करावी आणि रक्तपेढीत नाव नोंदवावे. या रुग्णाला ‘बॉम्बे’ गटाचेच रक्त चालते.