खोकला हटत नाही तेव्हा (श्वासाची वाट : भाग ४)

मागच्या भागात सर्दी-तापाबरोबर येणारा खोकला पाहिला. तो बहुतेकांचा दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातो. मोठ्या माणसाचा खोकला आठ आठवड्यांपलीकडे टिकला, की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. पण आपल्याकडे कुणी आठ आठवडे वाट पाहत बसू नये. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयरोगासाठी तपासणी करावी, असे राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम सांगतो.

मालवणच्या किनाऱ्यावर नेमका इथेच वेळ जातो. ‘पावसाळी खोकलो, जातलो आपसूक’ म्हणत श्रावण येतो, गणपती येतात, आणि दरम्यान औषधाच्या दुकानातून बाटल्यांमागून बाटल्या आणल्या जातात. बाटलीने ढास तासभर दबते. कारण मात्र जागेवरच राहते.

कारणे बरीच आहेत, आणि त्यातली काही घरातच असतात. गॅस आलेल्या घरातही न्हाणीच्या चुलीत नारळाची चुडते आणि सोडणे जळतात. अंघोळीचे पाणी तापेपर्यंत घरची बाई ओल्या जळणाचा धूर ओढत फुंकर घालत राहते. पावसाळ्यात भिंतींना ओल धरते, गाद्या-गोधड्यांना कुबट वास येतो; अशा हवेत बुरशी आणि धुळीतले सूक्ष्म कीटक वाढतात. ज्यांना त्यांची ॲलर्जी आहे, त्यांच्या नाकातला स्राव घशात उतरत राहतो आणि सतत खाकरावे लागते. अशा वेळी इलाज नाकाचा करावा लागतो, छातीचा नव्हे.

दम्याचेही तसेच. धाप नाही, छातीत घरघर नाही, फक्त पहाटे येणारा कोरडा खोकला, हेही दम्याचे रूप असू शकते. फुंकून करायच्या तपासणीने त्याचे निदान होते आणि इनहेलरने तो आटोक्यात येतो. ‘पंपाची सवय लागते’ हा समज चुकीचा आहे; त्यापायी कित्येक जण वर्षानुवर्षे रात्री बसून काढतात. रात्री उशिरा तिखट कालवण-भात जेवून लगेच आडवे होणाऱ्यांच्या पोटातले आम्ल वर चढते आणि घसा चाळवते. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवणे हा तिथला पहिला उपाय. रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रामिप्रिल घेणाऱ्या काहींना कोरडी ढास लागते. गोळी मनाने बंद करू नये; डॉक्टरांना सांगितले तर ती बदलून मिळते.

कणकवली तालुक्यातल्या कासार्डे भागात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. ही बारीक धूळ फुप्फुसात एकदा रुतली की निघत नाही, म्हणून तिथल्या कामगाराने आपले काम काय आहे, ते डॉक्टरांना न विचारताही सांगावे.

कोकणात कुंपणाला लावला जाणारा अडुळसा या विषयात मानाने बसतो. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून ब्रोमहेक्सिन हे औषध घडले आणि त्यातून पुढे ॲम्ब्रॉक्सॉल आले. कफ पातळ करण्यासाठी दोन्ही आजही दिली जातात. काढ्याने घसा जरूर मोकळा होतो. पण क्षयाचे जंतू काढ्याने मरत नाहीत. मुलांना तर कसलेही सिरप मनाने देऊ नये : 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपने वीसहून अधिक बालके दगावली.

क्षयासाठीची थुंकीची तपासणी सोपी आहे, पण नमुना नीट हवा. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकून आलेला बेडका डबीत घ्यायचा. तोंडातली लाळ उपयोगाची नाही. शेजारच्या गोव्यातल्या मोल्बिओ कंपनीच्या ट्रूनॅट यंत्रावर जंतूचा छडा साधारण तासाभरात लागतो. नेहमीच्या क्षयाचा औषधोपचार सहा महिन्यांचा असतो. महिन्याभरात बरे वाटू लागते आणि गोळ्या सोडाव्याशा वाटतात. तिथेच घात होतो, कारण उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

थुंकीतून रक्त पडत असेल, वजन उतरत असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, तर दोन आठवडेही थांबू नका. सरकारी रुग्णालयात क्षयाची तपासणी आणि औषधे मोफत आहेत, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा 1000 रुपये थेट रुग्णाच्या खात्यात जमा होतात.