गाठ टीबीची की कॅन्सरची?

सुरतेच्या उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबं राहतात. घरात कुणाला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, की पहिला प्रश्न असतो: ऑपरेशन होईल का?

उत्तर बरंचसं छातीच्या मध्यभागातल्या लसिकाग्रंथींवर अवलंबून असतं. कॅन्सर मूळ गाठीच्या विरुद्ध बाजूच्या ग्रंथींपर्यंत पोहोचला असेल, तर सहसा ऑपरेशनऐवजी केमोथेरपी, रेडिएशन असे उपचार निवडतात.

हे तपासताना सीटी स्कॅन मुख्यतः ग्रंथींचा आकार पाहतो. 10 मिलिमीटरहून जाड ग्रंथी संशयास्पद. पण लहान ग्रंथीतही कॅन्सर असू शकतो. पेट स्कॅन पेशी किती साखर खेचतात ते टिपतो; आपल्याकडे टीबीमुळेही ग्रंथी त्यात उजळतात आणि घोळ होतो.

एमआरआयची ‘डिफ्यूजन’ पद्धत पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजते. खच्चून भरलेल्या लोकलमध्ये हलता येत नाही, तसं दाटीवाटीच्या कॅन्सरपेशींमध्ये पाण्याला फिरता येत नाही. त्यामुळे अशी ग्रंथी चित्रात पांढरी चमकते. यात क्ष-किरण नसतात. मात्र श्वासाने, हृदयाच्या ठोक्यांनी चित्र पुसट होतं आणि टीबीची गाठही कधी कधी तशीच चमकते.

म्हणूनच संशयित ग्रंथीचा सुईने नमुना घेतात: श्वासनलिकेत दुर्बीण घालून, सोनोग्राफीत बघत. ऑपरेशन नाकारण्याआधी ही तपासणी झालीय का, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना जरूर विचारावं.