अंतर एका हाताचे

शवविच्छेदनाच्या टेबलाशी आपण सर्वांनीच मनगटाची आठ हाडे तोंडपाठ केली. ती आपल्याही मनगटात आहेत, याची जाणीव मला मात्र पन्नाशी ओलांडल्यावर, बरकतपुऱ्यातील एका गच्चीवर झाली. निमित्त झाले एका बालरुग्णाचे.

मुलगा अकरा वर्षांचा. दोन्ही मनगटे दुखतात, लिहिताना पेन सुटते, ही तक्रार. क्ष-किरण चित्रात रेडियसच्या खालच्या टोकाची वाढ-कूर्चा दोन्हीकडे रुंदावलेली दिसत होती. आई-वडिलांना बाहेर बसविल्यावर त्याने खरे सांगितले. शाळेत मोठी मुले कोपऱ्यात गाठून मारीत. म्हणून त्याने विंग चुन या चिनी युद्धकलेचा वर्ग धरला आणि लवकर तयार व्हावे म्हणून तो रात्री घरी भिंतीवर ठोसे मारी, मुठींवर जोर काढी. वडिलांचा निर्णय झालेलाच होता : वर्ग बंद. पोराचा चेहरा पाहून मी म्हटले, ‘‘आधी मला तो वर्ग पाहून येऊ द्या.’’

विंग चुन ही दक्षिण चीनमधील कला. इप मान (१८९३-१९७२) यांनी ती हाँगकाँगमध्ये शिकविली आणि ब्रूस ली त्यांचा शिष्य होता, एवढे चित्रपटांमुळे पुष्कळांना ठाऊक असते. (ही सारी विद्या बोधिधर्माने भारतातून तिकडे नेली, असे अभिमानाने सांगणारे आपल्याकडे बरेच भेटतात. इतिहासाचा त्याला आधार नाही.)

गच्चीवरच्या उस्तादांनी मला समोर उभे केले आणि छातीवर दोन बोटे टेकवून हलकेच रेटले. एम. डी. झालेला मी दोन पावले मागे गेलो! मग त्यांनी माझे गुडघे किंचित वाकविले, माकडहाड खाली सोडायला लावले, कोपर छातीपुढे मध्यरेषेकडे आणून हात पुढे ठेवला. ‘‘डॉक्टरसाब, ताकत नक्को, हड्डी लगाओ.’’ आता त्यांनी हातावर जोर दिला, तेव्हा तो कोपरातून खांद्याच्या फऱ्याकडे, तेथून पाठीचा कणा व श्रोणीमार्गे टाचेत उतरलेला मला स्पष्ट जाणवला. स्नायूंचे काम हाडे एका ओळीत धरून ठेवण्यापुरतेच. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, आणि जातच राहिलो.

या कलेचे मर्म एका हाताच्या अंतरात आहे. इतक्या जवळून आलेला ठोसा डोळ्यांनी पाहून अडविणे जवळजवळ अशक्य. दिसलेल्या गोष्टीला प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. स्पर्शाला त्याहून थोडे कमी. शिवाय प्रतिस्पर्ध्याच्या हाताला आपला हात लागलेला असला, तर त्याचा बेत वजनातील बदलावरून आधीच कळू लागतो. ‘ची साओ’, म्हणजे चिकटलेले हात, हा सराव त्यासाठीच. दोघांनी पुढचे हात एकमेकांना लावून ते सतत फिरवीत ठेवायचे आणि फट सापडताच आत शिरायचे. शेरिंग्टनने १९०६ साली ज्या अंतःसंवेदनेला ‘प्रोप्रिओसेप्शन’ हे नाव दिले, तिचीच ही तालीम. मला ती डोळे मिटून अधिक चांगली जमते.

वर्गात एक लाकडी खांब आहे. त्याला तीन हात आणि एक पाय. त्यावर बळ लावले की आपणच मागे फेकले जातो. कोन अचूक असला तर अंग आपोआप बाजूला सरकते. तो पाहताच मला मल्लखांब आठवला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाच्या राज्यातून अली व गुलाब हे दोन पहिलवान पुण्यास गेले, त्यांचे आव्हान बाळंभट्टदादा देवधरांनी स्वीकारले आणि त्या तयारीतून मल्लखांब पुढे आला, अशी कथा सांगतात. म्हणजे त्या एरंडेल चोपडलेल्या खांबाच्या जन्मात आपल्या हैदराबादचाही थोडा वाटा आहे म्हणायचा!

सगळेच मला पटले असे नाही. पावलांची बोटे आत वळवून उभे राहण्याच्या पद्धतीत नवशिक्यांचे गुडघे आत कोसळतात; मेनिस्कसच्या दृष्टीने ते मला धोक्याचे वाटते. उस्तादांशी यावरून माझा वाद अजून चालू आहे.

भिंतीवरचे ठोसे वर्गात कोणी शिकविले नव्हते; ते मुलाने मोबाईलवर पाहिले होते. मुलांमध्ये वाढ-कूर्चा ही अस्थिबंधांहून कच्ची. मोठ्यांचे जेथे मुरगळण्यावर निभावते, तेथे मुलाच्या कूर्चेला इजा होऊ शकते, आणि रेडियसची ही कूर्चा मुलग्यांत सतरा-अठराव्या वर्षापर्यंत खुली असते. मी त्याची मनगटे दहा आठवडे विश्रांतीला लावली. या काळात फक्त उभे राहणे, चालणे, कंबर वळविणे. त्याच्या परवानगीने आई-वडिलांना शाळेतील प्रकार सांगितला. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर ते मुख्याध्यापकांना भेटले. दोनदा जावे लागले.

पुढच्या चित्रात कूर्चा पूर्ववत दिसली. आता तो भिंतीला हात लावीत नाही, ची साओ करतो. गेल्या रविवारी त्याने उस्तादांसारखीच माझ्या छातीवर दोन बोटे टेकविली. मी अर्धे पाऊल मागे सरकलो.