आडनावावर बंदी

3 एप्रिल 1603 रोजी स्कॉटलंडच्या राजमंडळानं एक आडनावच रद्द केलं. मॅक्ग्रेगर. ज्यांचं ते आडनाव, त्यांनी दुसरं घ्यावं, नाहीतर मरणाला तयार व्हावं. दोनच दिवसांनी राजा सहावा जेम्स इंग्लंडची गादी घ्यायला लंडनच्या वाटेला लागला.

निमित्त झालं ग्लेन फ्रूइनच्या लढाईचं. त्याच फेब्रुवारीत लॉक लोमंडजवळच्या या खोऱ्यात मॅक्ग्रेगरांनी कोहून घराण्याची दाणादाण उडवली होती. मूळ दुखणं मात्र जमिनीचं. ग्रेगर हा चौदाव्या शतकातला मूळ पुरुष. ग्लेन ऑर्की, ग्लेनस्ट्रे ही खोरी त्याचे वंशज तलवारीच्या हक्कावर राखत आले. शेजारच्या कॅम्पबेलांनी राजाकडून सनदा मिळवल्या. ज्याची सनद त्याची जमीन, असं ठरू लागलं तशी पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट निकालात निघाली. मग गुरं पळवणं आलं, सूड आले. तरी या कुळावर नुसता गुरंचोरांचा शिक्का मारणं मला अन्यायाचं वाटतं. सोळाव्या शतकात गेलिक कवितांचं अनमोल हस्तलिखित सिद्ध करणारा लिस्मोरचा डीन जेम्स हाही मॅक्ग्रेगरच.

कुळाचा प्रमुख अलास्टर शरण आला, तो ‘सुखरूप इंग्लंडला पोचवतो’ या आर्गाइलच्या अर्लच्या शब्दावर. अर्लनं त्याला सरहद्दीपलीकडे नेलं आणि तिथूनच माघारी आणलं. 20 जानेवारी 1604 ला एडिंबरात त्याला फाशी झाली. पुढे 1613 मध्ये आणखी फर्मान निघालं: एके काळी हे नाव लावणाऱ्यांनी चारांहून जास्त एकत्र जमायचं नाही, आणि हत्यार म्हणून जवळ काय बाळगायचं, तर जेवताना मांस कापायला बिनटोकाची सुरी.

माणसं मरे झाली, ग्रँट झाली, ड्रमंड झाली. काहींनी तर कॅम्पबेल हेच नाव घेतलं. प्रसिद्ध रॉब रॉय (1671–1734) आईचं हे आडनाव लावत असे. 1661 मध्ये दुसऱ्या चार्ल्सनं बंदी उठवली, 1693 मध्ये ती पुन्हा लादली गेली, आणि कायमची गेली ती 1774 मध्ये. त्यानंतर 826 कुळबांधवांनी सह्या करून सर जॉन मरे यांना प्रमुख मानलं. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या नोकरीत होते.

त्यांचा मुलगा इव्हान आपल्या खानदेशात येऊन गेला. मंदसोरच्या तहानं होळकरांनी खानदेश सोडला, पण तापीकाठच्या थाळनेरच्या किल्लेदारानं किल्ला खाली केला नाही. 27 फेब्रुवारी 1818 ला इंग्रज अधिकारी दरवाजातून आत शिरले आणि अरब शिबंदीनं त्यांच्यावर वार केले. दोघे ठार झाले, इव्हान गंभीर जखमी झाला. सेनापती हिस्लॉपनं शिबंदीची कत्तल केली, किल्लेदार तुळशीरामाला फासावर चढवलं.

चार वर्षांनी, 1822 मध्ये, घराण्याला मॅक्ग्रेगर हे नाव लावायचा राजपरवाना मिळाला. त्याच वर्षी चौथा जॉर्ज एडिंबरात आला, तेव्हा स्कॉटलंडच्या राजमुकुटाच्या पहाऱ्याचा मान या कुळाला मिळाला आणि त्यांच्या अग्रभागी इव्हान होता. पुढे तो बार्बाडोसचा गव्हर्नर झाला.