सारंगखेड्याच्या पाळण्यापासून खोपोलीच्या रुळांपर्यंत

रोलर कोस्टरवर बसायचं तर दोंडाईचेकराला धुळे, नाशिक मागे टाकून, सह्याद्री उतरून खोपोली गाठावी लागते. पण तिथल्या रुळांवर पोटात जो गोळा येतो, तो खानदेशाला नवा नाही. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेडा, माघी पौर्णिमेला शिरपूर, चैत्रात धुळ्याची एकवीरा, वैशाखात अमळनेरचे सखाराम महाराज अशी जत्रांची माळ थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत चालू असते आणि तिच्याबरोबर ट्रकांवर लादलेले पाळणे गावोगाव फिरतात. दोंडाईच्याहून गाडी काढायची, एकेक जत्रा गाठायची, मिळेल त्या पाळण्यात बसायचं आणि शेवटी खोपोलीला जायचं, असा प्रवास मी केला तो एका प्रश्नासाठी. माणसाला पाळण्यात नेमकं काय थरारक वाटतं? उंची, वेग, की आणखी काही?

वेग नाही, हे रस्त्यावरच कळतं. सारंगखेड्याच्या रस्त्यावर गाडी एकसारख्या वेगाने पळत असते तेव्हा मागे बसलेलं पोर झोपी जातं. पृथ्वी तर आपल्या सगळ्यांना घेऊन सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते आहे, आणि कुणाचं डोकं गरगरत नाही. शरीराला वेग कळतच नाही. कळतो तो वेगातला बदल: गाडी अचानक पुढे सुटते, करकचून थांबते किंवा वळते तेव्हा. कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोक्याचं फिरणं टिपतात. शेजारच्या दोन पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे असतात, ते सरळ रेषेतला झटका आणि गुरुत्वाची दिशा सांगतात. पाळणा बनवणारा कारागीर खेळतो तो या इवल्याशा यंत्रणेशी.

सारंगखेड्याला तापीच्या काठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो, त्यामुळे बाहेरचा माणूस घोडे बघायला येतो. गावोगावची पोरं मात्र पहिल्यांदा आकाशपाळण्याकडे धावतात. साधारण ५० फुटी पाळणा धरू, म्हणजे त्रिज्या ८ मीटर, आणि तो १० सेकंदांत एक फेरा घेतो असं मानू. गणित केलं तर ६० किलोचा माणूस सगळ्यात वर असताना बाकाला फक्त ४१ किलोइतका भार देतो आणि खाली येतो तेव्हा ७९ किलोचा. दर पाच सेकंदांनी त्याचं वजन जवळजवळ निम्मं आणि पुन्हा दुप्पट होत असतं. लंडन आय हे चक्र १३५ मीटर उंच आहे, पण एका फेऱ्याला अर्धा तास घेतं. तिथं वर-खाली होताना वजनात पडणारा फरक दहा ग्रॅमच्याही आत. तिथं शहर दिसतं, पोटाला काही कळत नाही. उंचीचा प्रश्न माझ्यापुरता तिथंच निकालात निघाला.

शेजारी ‘कोलंबस’ झुलत असतो. ही मोठी नाव म्हणजे शुद्ध लंबक. मोटर तिला एकदम वर उचलत नाही. नाव तळाशी आली की खालचं चाक तिच्या बुडाला घासून थोडा रेटा देतं, आणि प्रत्येक हेलकाव्याला तो रेटा साठत जातो. झोक्यावर उभं राहून झोका चढवणाऱ्या मुलीही तेच करतात: ठरावीक क्षणी थोडंसं बळ. नाव ६० अंशांपर्यंत चढली तर टोकाच्या क्षणी वजन निम्मं होतं आणि तळातून जाताना दुप्पट. ६० किलोच्या माणसाला ३० आणि १२०. निम्म्या वजनाच्या त्या क्षणी एरवी आपल्या भाराने खाली दबून असलेली आतडी नि जठर सैल होतात, आणि बाकावरच्या बायाबापड्या ओरडतात, ‘पोटमा गोया उना!’ हे वर्णन शरीरशास्त्राला धरून आहे. वजन जाणवतं ते बाक आपल्याला वर ढकलतो म्हणून. बाक आपल्याबरोबरच खाली निघाला की ढकलायला कुणी उरत नाही. नावेच्या दोन्ही टोकांच्या बाकांवर बसणारे मधल्यांपेक्षा जास्त वर चढतात, म्हणून ती जागा आधी भरते.

जत्रेतला सगळ्यात देखणा प्रयोग मात्र ‘मौत का कुआँ’. लाकडी फळ्यांच्या उभ्या भिंतीवरून मोटरसायकल आडवी धावते. १९११च्या सुमारास अमेरिकेत कोनी आयलंडच्या मनोरंजननगरीत असे गोल हौद आले आणि पुढे जगभर पसरले. चालक पडत का नाही? भिंत त्याला सतत आत वळवते, म्हणजे आतल्या बाजूला ढकलते. तो दाब जितका जास्त तितकं टायर आणि फळी यांतलं घर्षण जास्त, आणि हे घर्षणच त्याचं वजन पेलतं. भिंतीची त्रिज्या ५ मीटर आणि घर्षणांक ०.७ धरला तर ताशी सुमारे ३० किलोमीटर वेग पुरतो. गंमत अशी, की या गणितात गाडीचं वजन राहतच नाही. म्हणून त्याच भिंतीवर मोटरसायकल आणि चारचाकी एकाच वेळी फिरू शकतात. पण वेग कमी झाला किंवा फळीवर तेल सांडलं, की गणित तिथंच संपतं. त्या मुलांच्या अंगात मोठं कसब असतं आणि अंगावर संरक्षणाचं साधन क्वचितच असतं. प्रेक्षकांच्या हातातली नोट ते काढून घेतात तेव्हाच्या टाळ्या ऐकताना मला दर वेळी याची काळजी वाटते.

शिरपूरच्या खंडेराव महाराजांच्या यात्रेत मी ‘ब्रेकडान्स’मध्ये बसलो. मोठी तबकडी फिरते, तिच्यावर लहान तबकड्या फिरतात आणि त्यांवरचे डबे आपल्या मर्जीने गरगरतात. एकदा सलग तीन गिरक्या, पुढच्याच फेरीत जेमतेम अर्धी. हा योगायोग नाही. १९९४ साली रिचर्ड कौट्झ आणि ब्रेट हगार्ड या दोघांनी ‘टिल्ट-अ-व्हर्ल’ नावाच्या अशाच एका अमेरिकन पाळण्याचं गणित मांडून ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये छापलं. चालवणाऱ्या यंत्राची गती पूर्ण नियमित असली तरी डब्याची गती अव्यवस्थेच्या सिद्धान्ताने चालते, असं त्यांना दिसलं. सुरुवातीला बसणाऱ्याचं वजन किंचित इकडेतिकडे झालं, तरी थोड्याच वेळात पुढची गिरकी सांगणं अशक्य. हवामानाचा लांबचा अंदाज ज्या कारणाने चुकतो, तेच हे कारण. मळमळीचं कारण वेगळं: कान म्हणतो डोकं फिरतंय, डोळा समोरचा बाकाचा दांडा स्थिर पाहतो, मेंदूला दोन्ही साक्षी जुळवता येत नाहीत आणि मळमळ सुरू होते. दांड्याकडे न पाहता लांबच्या दिव्याकडे नजर ठेवली तर त्रास थोडा कमी होतो.

आता खोपोली. २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिका या मनोरंजननगरीत ‘नायट्रो’ नावाचा कोस्टर आहे. उंची सुमारे ४० मीटर, पायाखाली फळी नाही, बसणाऱ्याला तो पाच वेळा उलटा करतो. साखळी गाडीला चढावर ओढते तेव्हा ‘टक टक टक’ असा आवाज येतो. ती दात्यांवर पडत जाणारी खिटी असते, साखळी तुटलीच तर गाडी मागे घसरू नये म्हणून. माथ्यावर साखळी सुटते आणि त्यानंतर शेवटच्या ब्रेकपर्यंत गाडीला ओढणारं कुणीच नसतं. खरा रोलर कोस्टर ओळखायची हीच खूण. जत्रेतली ड्रॅगनची गाडी मोटरवर सबंध फेरा मारते; इथं सगळा फेरा त्या एका चढाच्या उधारीवर होतो. ४० मीटरवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग तळाशी ताशी १०० किलोमीटर होतो, गाडी रिकामी असो वा भरलेली. पुढचा प्रत्येक चढ पहिल्यापेक्षा बुटका ठेवावाच लागतो, कारण हवा आणि चाकं वाटेत आपला वाटा काढून घेतात.

इथं मला चाळीसगावजवळचं पाटण आठवतं. पाटणादेवीच्या देवळातल्या शिलालेखात, शके ११२८ मध्ये, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारल्याची नोंद आहे. त्या भास्कराचार्यांनी इ.स. ११५० साली लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त एका चाकाचं वर्णन केलं आहे: वाकड्या पोकळ आऱ्या, त्यांत निम्मा पारा, आणि असं चाक आपलं आपण फिरत राहील. तसं फिरणारं चाक आजवर कुणी केलेलं नाही, करताही येणार नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम समजायला जगाला आणखी सातशे वर्षं लागली. पण फिरणाऱ्या चाकाला बळ कुठून मिळतं हा प्रश्न खानदेशाच्या अंगणात इतक्या आधी विचारला गेला होता, याचा मला अभिमान वाटतो. नायट्रोचा प्रत्येक बुटका चढ त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

कोस्टरचं मूळ रशियातल्या बर्फाच्या घसरगुंड्यांत आहे. १८८४ साली लामार्कस थॉम्पसनने कोनी आयलंडवर रुळांची घसरगाडी सुरू केली, तिचा वेग ताशी जेमतेम १० किलोमीटर होता. १८९५ साली तिथंच ‘फ्लिप फ्लॅप’ नावाचा उलटा फेरा आला. तो पूर्ण गोल होता आणि तिथंच चूक झाली. गोल फेऱ्यात माथ्यावरून खाली न पडता जायचं तर तळाशी इतका वेग लागतो की बसणाऱ्याचं वजन सहापट होतं. ६० किलोचा माणूस ३६० किलोचा, आणि तोही एका क्षणात, कारण सरळ रुळावरून गाडी एकदम वर्तुळात शिरते. लोकांच्या माना दुखावल्या. उत्तर सापडायला १९७६ साल उजाडलं. कॅलिफोर्नियातल्या ‘रिव्होल्यूशन’ कोस्टरसाठी वर्नर श्टेंगेल यांनी थेंबाच्या आकाराचा फेरा आखला: तळाशी पसरट, वर जाताना हळूहळू आवळत जाणारा. जिथं वेग जास्त तिथं वळण मोठं, जिथं वेग कमी तिथं लहान. वाढता भार शरीराला पायरीपायरीने मिळतो. असा वक्र आगगाडीवाल्यांना आधीपासून ठाऊक होता. दोंडाईच्यावरून जाणाऱ्या सुरत-भुसावळ मार्गावर गाडी वळणात शिरते तेव्हा चहा हिंदकळत नाही, तो सरळ रूळ आणि वळण यांच्यामध्ये घातलेल्या अशाच संक्रमण वक्रामुळे. आपली रेल्वे त्यासाठी घन अन्वस्त वापरते एवढाच फरक.

नायट्रोवर शक्य तर एकदा पुढे आणि एकदा मागे बसावं. पुढचा डबा माथ्यावर हळू पोहोचतो, कारण मागची गाडी अजून चढावरच असते. मागचा डबा माथ्यावर येतो तोवर पुढचे डबे उतारावर सुटलेले असतात आणि ते त्याला हिसका देऊन खाली खेचतात. या हिसक्यावर एक खराखुरा अभ्यासही झाला आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठाचे डेव्हिड वार्टिंगर आणि त्यांचे सहकारी यांनी मूत्रपिंडाची सिलिकॉनची प्रतिकृती घेऊन फ्लोरिडातल्या एका कोस्टरवर फेऱ्या मारल्या. २०१६ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार मागच्या बाकावर सुमारे ६४ टक्के वेळा मूतखडा सरकून बाहेर पडला, पुढच्या बाकावर सुमारे १७ टक्के वेळा. खडे लहान होते आणि प्रयोग प्रतिकृतीवर होता, म्हणून कुणी याला औषध समजू नये.

वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्राजवळ पाळणे दिवसभर उभे असतात आणि ऊन उतरल्यावरच फिरू लागतात. दुपारच्या त्या मोकळ्या वेळात मी पाळणेवाल्यांचं काम पाहत बसलो, आणि सबंध प्रवासात सगळ्यात जास्त शिकलो ते तिथं. इमॅजिकातले रूळ काँक्रीटमध्ये कायमचे रोवलेले आहेत. जत्रेतला पाळणा मात्र दर मुक्कामाला सुटा होतो, ट्रकवर चढतो आणि नव्या जमिनीवर पुन्हा उभा राहतो. खालची काळी माती ओलीने फुगते आणि सुकली की भेगाळते, म्हणून पायांखाली लाकडी ठोकळे घालून पाणसळ धरावी लागते. प्रत्येक सांध्यात खीळ, आणि खीळ निसटू नये म्हणून तिच्या भोकात तारेची चाप. एक चाप विसरली तर खीळ लगेच पडत नाही; हेलकाव्याहेलकाव्याने सरकते.

त्याहून अवघड शत्रू म्हणजे धातूचा थकवा. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला. पुढे जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी अनेक वर्षं आगगाडीचे आस पुन्हा पुन्हा वाकवून दाखवून दिलं, की एकदा सहज पेलणारा भार लाखो वेळा दिला तर पोलाद तुटू शकतं. जोडाजवळ केसाइतकी चीर पडते, प्रत्येक फेऱ्याला थोडी वाढते, रंगाखाली दिसत नाही. कोलंबस संध्याकाळभर हेलकावत असतो आणि प्रत्येक हेलकाव्याला त्याच्या दांड्यावर भार कसा बदलतो, हे वर पाहिलंच. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी लंबकासारखा झुलणारा पाळणा मोडून दोघांचा जीव गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये मोहालीच्या मेळ्यात उंच उचलणारा पाळणा लोकांसह खाली आदळला आणि कित्येक जण जखमी झाले.

या खेळण्यांसाठी भारतीय मानक ब्युरोची मानकं आहेत. चिरा शोधायला रंगीत द्रव आणि श्राव्यातीत ध्वनीच्या तपासण्या आहेत, आणि त्या करणारे अभियंते आपल्या जिल्ह्यांतल्या तंत्रनिकेतनांतून आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतून तयार होतात. जागेचं भाडं घेणाऱ्या ग्रामपंचायती, नगरपालिका आणि यात्रा समित्या यांना माझी विनंती आहे: पाळणा उभा राहिल्यावर, पहिलं तिकीट फाडण्याआधी, यांत्रिक तपासणीचा आणि वीजजोडणीचा दाखला तारखेसह पाळण्याच्या फाटकावर लावायला लावा. आणि वाचकांनो, पोरांना बसवण्याआधी तो दाखला वाचा, अडसराची खीळ आणि चाप स्वतः डोळ्यांनी पाहा. दाखला नसेल तर तिकीट काढू नका.