भाकरीआधीचे प्रवचन

बेघर माणसाला रात्रीपुरते छप्पर देणे हे जगातील बहुतेक धर्मांनी पुण्यकर्म मानले आहे, आणि शासनसंस्थेने या कामाची जबाबदारी ओळखण्याच्या कितीतरी आधीपासून ते धर्मसंस्थांच्या हाती राहिलेले आहे. या कार्याविषयी जे लेखन झाले ते मात्र बहुतांशी देणाऱ्यांच्या बाजूने झाले; संस्थांचे वार्षिक अहवाल, संस्थापकांची चरित्रे आणि देणगीदारांसाठी लिहिलेल्या उद्धाराच्या कथा यांतून आश्रयगृहाचा दरवाजा आतल्या बाजूने दिसतो, पण त्या दरवाजासमोर संध्याकाळी रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला काय अनुभवास येते हे त्यांतून क्वचितच कळते. ब्रिटन आणि अमेरिका या दोन देशांत गेल्या सव्वाशे वर्षांत या दुसऱ्या बाजूच्या नोंदी बऱ्याच साठल्या आहेत. काही लेखकांनी स्वतः त्या रांगेत उभे राहून लिहिले, समाजशास्त्रज्ञांनी रहिवाशांबरोबर महिनोन्‌महिने काढले, आणि अलीकडे काही बेघर व्यक्तींनी न्यायालयात दिलेल्या साक्षीही उपलब्ध झाल्या. या नोंदी एकत्र वाचल्या असता असे दिसते की रहिवाशांना आश्रयगृहातील धर्म फारसा खुपत नाही. त्यांना खुपते ती अन्न आणि अंथरूण यांच्या आधी उभी केलेली धर्माची अट.

आधुनिक अर्थाने ख्रिस्ती आश्रयगृहांची चळवळ आकाराला आली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लंडनमध्ये. विल्यम बूथ या धर्मोपदेशकाने १८६५ मध्ये पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत एक मिशन सुरू केले आणि १८७८ मध्ये त्याला ‘साल्व्हेशन आर्मी’ हे नाव व लष्करी थाटाची रचना दिली. हीच संस्था सप्टेंबर १८८२ मध्ये मुंबईत आली आणि महाराष्ट्रात ‘मुक्तिफौज’ या नावाने ओळखली जाऊ लागली. उपाशी माणसाच्या कानात उपदेश शिरत नाही, हे बूथ यांनी फार लवकर ओळखले होते. १८८८ पासून त्यांच्या संस्थेने लंडनमध्ये स्वस्त अन्न आणि रात्रनिवारा देण्यास आरंभ केला, आणि १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात बूथ यांनी या कामाची मोठी योजना मांडली. निवारा फुकट न देता नाममात्र पैसे घेऊन द्यावा, म्हणजे घेणाऱ्याचा स्वाभिमान शाबूत राहतो, अशी त्यांची भूमिका होती. त्या काळच्या लंडनमध्ये एका पेनीला रात्रभर बाकावर बसण्याची जागा मिळे, आणि चार पेनींना लाकडी पेटीसारख्या अरुंद चौकटीत मेणकापडाच्या पांघरुणाखाली आडवे होता येई. या पेटीला तिथे झोपणारे लोक शवपेटी म्हणत.

या व्यवस्थेचे मोल ठरवताना तिला पर्याय कोणता होता हेही ध्यानात घेतले पाहिजे. सरकारी दरिद्रगृहाच्या फिरस्त्यांसाठीच्या कोठडीत एका रात्रीच्या मोबदल्यात दगड फोडावे लागत किंवा जुन्या दोरखंडांचे धागे बोटांनी सोडवावे लागत, आणि उघड्यावर झोपणाऱ्याला पोलीस रात्रभर हाकलत राहत. या दोन्हींच्या तुलनेत बूथ यांचा बाक माणुसकीचा होता, हे मान्य करणे न्यायाचे ठरेल.

तरीही त्या बाकाची खरी किंमत पेनीत मोजली जात नव्हती. अमेरिकन लेखक जॅक लंडन यांनी १९०२ च्या उन्हाळ्यात जुने कपडे घालून पूर्व लंडनमध्ये वास्तव्य केले आणि त्यावर आधारित पुस्तक पुढल्या वर्षी प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी मुक्तिफौजेच्या एका केंद्रावरील रविवारच्या मोफत न्याहारीचे तपशीलवार वर्णन केले आहे. आदली रात्र रस्त्यावर चालत काढलेली शेकडो माणसे सकाळपासून दाराशी थांबलेली होती. दार उघडल्यावर त्यांना अंगणात दाटीवाटीने पुन्हा उभे करण्यात आले, आणि बऱ्याच वेळाने पाव, चीजचा पातळ तुकडा व पाणचट चहा हाती पडला. न्याहारी संपल्यावर उपासना होती आणि ती आटोपल्याशिवाय बाहेर पडण्याची मुभा नव्हती. लंडन यांनी कामासाठी जायचे आहे असे सांगून बाहेर पडण्याची परवानगी मागितली, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याशी त्यांना हुज्जत घालावी लागली. रविवारची सकाळ रोजंदारीच्या शोधातील माणसाच्या दृष्टीनेही मोलाची असू शकते, आणि वेळ हेच ज्याचे एकमेव भांडवल उरले आहे त्याच्याकडून न्याहारीच्या बदल्यात अर्धा दिवस काढून घेतला जातो, ही लंडन यांची तक्रार होती आणि ती रास्त होती.

जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९३३ च्या पुस्तकात हाच अनुभव अधिक बारकाव्याने येतो. मुक्तिफौजेची वसतिगृहे इतर स्वस्त निवाऱ्यांपेक्षा स्वच्छ असल्याचे ते नमूद करतात. पण तिथली शिस्त, शिट्टीच्या इशाऱ्यावर झोपणे आणि उठणे, आणि भिंतीवरील मनाईची लांबलचक यादी यांमुळे तिथल्या वातावरणात तुरुंगाची छाया जाणवते, असे त्यांचे निरीक्षण आहे. एका चर्चमध्ये फिरस्त्यांना फुकट चहा देऊन नंतर उपासनेला बसवले जाई. सज्जात बसवलेले शंभराच्या आसपास फिरस्ते संख्येने खालच्या भाविकांपेक्षा कितीतरी अधिक होते, आणि त्यांनी गप्पा, हशा व उघड टवाळी यांनी ती उपासना पार विस्कटून टाकली. एकटा असताना मान खाली घालून आभार मानणारा माणूस सोबतीला शंभर जण असले की चहाबरोबर गिळलेला अपमान परत करतो, हे ऑर्वेल यांना त्या प्रसंगात दिसले. त्याच पुस्तकात थेम्सच्या काठावर अंधारात जेवणाची तिकिटे वाटणाऱ्या एका लाजाळू तरुण पाद्र्याचाही उल्लेख आहे. तो भराभर तिकिटे हातात ठेवून, आभाराची वाटही न पाहता निघून जात असे, आणि त्याच्याविषयी मात्र रांगेतल्या लोकांना मनापासून कृतज्ञता वाटत होती. हा कधी बिशप होणार नाही, असे त्यांच्यापैकी एकाने म्हटले तेव्हा ते कौतुक होते. धर्म दोन्हीकडे एकच होता. एका ठिकाणी देणारा मोबदला मागत होता, दुसऱ्या ठिकाणी तो आभारही मागत नव्हता.

अमेरिकेत या संस्थांना ‘रेस्क्यू मिशन’ म्हणतात, म्हणजे व्यसन आणि दारिद्र्य यांतून माणसाला ओढून काढण्यासाठी चालवलेले धर्मकेंद्र. त्यांपैकी पहिले केंद्र १८७२ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉटर स्ट्रीटवर जेरी मॅकॉली यांनी सुरू केले. मॅकॉली स्वतः सिंग सिंगच्या तुरुंगात शिक्षा भोगलेले होते, त्यामुळे दाराशी आलेल्या माणसाला त्यांच्याकडे परका उपदेशक भेटत नव्हता, तर त्याच वाटेने गेलेला माणूस भेटत होता. शिकागोचे पॅसिफिक गार्डन मिशन १८७७ मधील, तर न्यूयॉर्कचे बॉवरी मिशन १८७९ मधील असून दोन्ही संस्थांचे काम आजही चालू आहे. या केंद्रांतील संध्याकाळचा क्रम साधारणपणे ठरलेला असे : भजने, प्रवचन, उद्धार झालेल्या माणसाची जाहीर साक्ष, पश्चात्तापासाठी पुढे येण्याचे आवाहन, आणि त्यानंतर सूप व खाट. साक्ष म्हणजे आपले पूर्वीचे पतन आणि येशूच्या कृपेने झालेला बदल सर्वांसमोर सांगणे.

या क्रमाचा अर्थ रहिवाशांना फार लवकर उमगला. स्वतः भटक्या मजुराचे आयुष्य जगलेले समाजशास्त्रज्ञ नेल्स अँडरसन यांनी १९२३ मध्ये शिकागोतील अशा मजुरांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यात मिशनच्या आधाराने दिवस काढणाऱ्यांचा एक वेगळाच वर्ग आढळतो. निवाऱ्यासाठी वारंवार पश्चात्ताप करणाऱ्या या माणसांना इतर मजूर ‘मिशन स्टिफ’ असे हिणवत. जेवणाआधीच्या प्रवचनालाही त्यांच्या बोलीत कानांवर मारा करणे अशा अर्थाची संज्ञा होती. मजूर संघटनेचे गीतकार जो हिल यांनी १९११ मध्ये एका लोकप्रिय ख्रिस्ती गीताच्या चालीवर याच व्यवहाराचा उपहास करणारे गीत रचले आणि ते मजुरांत घरोघरी नव्हे, तर तळोतळी पोहोचले, कारण घर त्यांना नव्हतेच.

या व्यवस्थेतील सर्वांत खोल जखम बहुधा श्रद्धाळू रहिवाशालाच होते, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष गेले आहे. बेघर माणसांत ईश्वरावर मनोमन विश्वास ठेवणारे अनेक जण असतात. रस्त्यावरच्या आयुष्यात प्रार्थना हा कित्येकांचा एकमेव खाजगी ठेवा असतो. परंतु प्रार्थनेला खाट जोडली गेली की पुढे येऊन गुडघे टेकणारा माणूस खरोखर व्याकूळ झाला आहे की नुसता भुकेला आहे, हे कुणालाच ओळखता येत नाही. कर्मचारी त्याच्याकडे संशयाने पाहतात, शेजारच्या खाटेवरचा माणूस त्याला ढोंगी समजतो, आणि काही काळाने त्याचा त्याला तरी आपल्या पश्चात्तापाचा भरवसा कितपत उरतो, हा प्रश्नच आहे. सक्तीने ज्याची श्रद्धा वाढावी अशी अपेक्षा असते, त्याच्याच श्रद्धेची साक्ष ती निकामी करते.

याच आश्रयगृहांनी अनेकांना खरोखर सावरले, हेही तितकेच खरे आहे. दारू किंवा अमली पदार्थांच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या माणसाला ठरलेल्या वेळेचे जेवण, सकाळचे काम, व्यसनमुक्त सोबती आणि आपल्या भूतकाळाला काही अर्थ देणारी भाषा यांचा मोठा आधार मिळतो. जाहीर साक्षीचा विधी बाहेरच्याला नाटकी वाटला तरी, वर्षानुवर्षे ज्याचे बोलणे कुणी ऐकून घेतलेले नाही अशा माणसाला भरल्या सभेसमोर बोलायला मिळणे ही लहान गोष्ट नाही. पूर्वीचे रहिवासी पुढे त्याच ठिकाणी स्वयंपाकी, पहारेकरी किंवा समुपदेशक होतात, आणि नव्याने आलेल्याला त्यांच्याशी बोलणे सर्वांत सोपे जाते. ही शिस्त ज्याने स्वतः निवडली त्याला ती आधार वाटते. ज्याला फक्त पावसापासून बचाव हवा होता त्याला तीच शिस्त जाच वाटते, आणि एकाच छपराखाली दोघांनाही एकच नियमावली लागू असते.

डेव्हिड स्नो आणि लिऑन अँडरसन यांनी टेक्सासमधील ऑस्टिन शहराच्या बेघर लोकांबरोबर राहून केलेला अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुक्तिफौजेच्या निवाऱ्याचा उल्लेख रहिवासी ‘सॅली’ या लाडक्या वाटणाऱ्या नावाने करतात, पण आपण तिथल्या इतरांसारखे नाही, हे सांगायला विसरत नाहीत. रांगेत उभे राहणे, सामान तपासू देणे आणि भल्या पहाटे पिशवीसह बाहेर पडणे या गोष्टींनी माणूस एका निनावी गटाचा भाग होऊन जातो, आणि स्वतःचे वेगळेपण शब्दांत तरी राखण्याची ही धडपड असते. धार्मिक आणि धर्मनिरपेक्ष निवाऱ्यांतील रहिवाशांच्या पुष्कळ तक्रारी सारख्याच आहेत : नवरा-बायकोला वेगळे झोपावे लागते, पाळीव कुत्र्याला मज्जाव असतो, सामान चोरीला जाते आणि संध्याकाळच्या ठरावीक वेळेनंतर दार बंद होत असल्याने रात्रपाळीची नोकरी धरता येत नाही.

एकाच ख्रिस्ती परंपरेत याहून वेगळा मार्गही उपलब्ध होता. डोरोथी डे आणि पीटर मॉरिन यांनी १९३३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘कॅथलिक वर्कर’ ही चळवळ सुरू केली आणि तिच्यातून आतिथ्यगृहे उभी राहिली. तिथे येणाऱ्याला पाहुणा म्हणत, प्रार्थना होत असे पण तिला बसण्याची सक्ती नसे, आणि सुधारण्याची मुदत घालून दिलेली नसे. या घरांत भांडणे होत, दारू पिऊन येणारे येत, जागा अपुरी पडे. डे यांनी या अडचणी कधी लपवल्या नाहीत. पण गाढ धर्मनिष्ठा आणि बिनशर्त निवारा एकत्र नांदू शकतात, याचा तो आजही चालू असलेला पुरावा आहे.

हा प्रश्न अलीकडे न्यायालयात पोहोचला, कारण अनेक शहरांनी उघड्यावर झोपणे दंडनीय ठरवले आणि निवाऱ्याची सोय मात्र प्रामुख्याने धर्मसंस्थांवर सोपवली. आयडाहो राज्यातील बॉइझी शहरातील एका बेघर व्यक्तीने साक्ष दिली की २००७ मध्ये तेथील ख्रिस्ती निवाऱ्यात रात्रीच्या जेवणाआधी उपासनेला बसणे भाग होते. सतरा रात्रींची मुदत संपल्यावर संस्थेच्या धार्मिक दीक्षा-कार्यक्रमात सामील होणे किंवा तीस दिवस बाहेर राहणे असे दोनच मार्ग होते. त्याने आपल्या धार्मिक मतांमुळे नकार दिला, तो बाहेर झोपला आणि त्यासाठी त्याला २५ डॉलरचा दंड भरावा लागला. शिक्षेचा धाक दाखवून शहराला कुणालाही धार्मिक कार्यक्रमाकडे ढकलता येणार नाही, असे संघीय अपील न्यायालयाने २०१८ मध्ये या प्रकरणात स्पष्ट केले.

ऑरेगन राज्यातील ग्रँट्स पास हे सुमारे ३८,००० वस्तीचे शहर असून तिथे बेघरांची संख्या सहाशेपर्यंत असल्याचा अंदाज होता. उघड्यावर मुक्काम करणाऱ्याला २९५ डॉलरचा दंड होत असे, आणि प्रौढांसाठीचा प्रमुख निवारा एका ख्रिस्ती मिशनचा होता. तिथे राहणाऱ्याला दिवसातून दोनदा उपासनेला हजर राहावे लागे, आठवड्याचे सहा दिवस रोज सहा तास विनावेतन काम करावे लागे, पहिले तीस दिवस बाहेर नोकरी शोधता येत नसे, तंबाखू पूर्णपणे वर्ज्य होती आणि जन्मनोंदीतील लिंगानुसारच पेहराव करावा लागे. दंडाला कनिष्ठ न्यायालयाने मनाई केल्यानंतर मिशनमधील रहिवाशांची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी घटली. सर्वोच्च न्यायालयाने २८ जून २०२४ रोजी सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने शहराच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा लोक मदत नाकारतात याचा पुरावा म्हणून ही घट पुढे आली. परंतु नोकरी शोधू पाहणारा मजूर, सिगारेट न सुटलेला म्हातारा, दुसऱ्या धर्माचा किंवा कोणत्याच धर्माचा नसलेला माणूस आणि पारलिंगी स्त्री यांना एकेक करून त्या नियमावलीसमोर उभे केले, तर रिकाम्या खाटांपैकी एकही त्यांच्यासाठी रिकामी नव्हती.